महागड्या इलेक्ट्रिक गिटारची घडण कशी पारखावी

दोन महागड्या इलेक्ट्रिक गिटार शेजारी ठेवून वाजवल्या की हाताला जो फरक जाणवतो, तो तीन ठिकाणांहून आलेला असतो. पहिली रचना: तार किती लांब, नेक बॉडीला स्क्रूने आवळलेला की सरसाने चिकटवलेला, हेडस्टॉक सपाट की मागे कललेला. दुसरी घडण: ठरलेली रचना लाकडात आणि धातूत किती नेमकी उतरली. तिसरी जुळणी, म्हणजे दुकानात ज्याला सेटअप म्हणतात ती: तारांची उंची, नेकचा बाक, ब्रिजवरच्या सॅडलची जागा. रचना हा आवडीचा प्रश्न आहे. जुळणी तासाभराच्या कामाने पालटते. घडण मात्र गिटार कारखान्यातून निघते तेव्हाच ठरलेली असते, आणि दोन-तीन लाखांच्या पुढची किंमत मुख्यतः तिच्यासाठी मोजायची असते. गिब्सन चांगली की पीआरएस, फेंडर की सूर, असे वाद बहुतेक वेळा फिरत राहतात ते या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

रचनेतले फरक आधी बाजूला काढलेले बरे. फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर (१९५४) नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनच्या लेस पॉलवर (१९५२) ती सुमारे २४.७५ इंच. पॉल रीड स्मिथ (पीआरएस) यांनी १९८५ मध्ये मेरीलँड राज्यात कारखाना काढला, तेव्हा या दोहोंच्या मधला २५ इंचांचा आकडा धरला. तार तीच आणि स्वर तोच असेल, तर लांब तारेला ताण जास्त द्यावा लागतो. त्यामुळे लेस पॉलची सवय असलेल्या बोटांना स्ट्रॅट कडक लागते. यात कोणाच्याही कारागिरीचा दोष नाही. फ्रेटबोर्डच्या गोलाईचेही तसेच. जुन्या धर्तीच्या फेंडरवर ती ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे चांगलीच उंचवट्याची असते. गिब्सनवर १२ इंच, पीआरएसवर १० इंच. सूरच्या बहुतेक गिटारवर ती नटपाशी १० इंच असते आणि शेवटच्या फ्रेटकडे सपाट होत १४ इंचांपर्यंत जाते. ७.२५ इंचांच्या बोर्डवर तारा अगदी खाली आणल्या आणि वरच्या फ्रेटवर तार खेचली, की स्वर मध्येच गळा धरल्यासारखा बंद पडतो. नवा वादक याला ‘खराब बनावट’ म्हणतो. प्रत्यक्षात त्या गोलाईवर तारा तितक्या खाली येणारच नसतात.

रचना आणि घडण यांची गल्लत किती दूर जाते, याचे नमुनेदार उदाहरण फेंडरच्या इतिहासातच आहे. कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली आणि १९७१ पासून स्ट्रॅटचा नेक चारऐवजी तीन स्क्रूंनी बसवला जाऊ लागला. त्या दशकातल्या पुष्कळ गिटारचे नेक बाजूला सरकत, आणि सगळे खापर फुटले तीन स्क्रूंच्या नावाने. पण संस्थापक लिओ फेंडर यांनी पुढे म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेसवर आणि नंतर जी अँड एलच्या गिटारवरही तीनच स्क्रू वापरले, आणि तिथे ही ओरड झाली नाही. नेक ज्या खोबणीत बसतो ती खोबणी सैल कापली जात होती, हे खरे दुखणे होते. ढिल्या खोबणीला पाच स्क्रू मारले तरी ती ढिलीच राहते.

म्हणून पारख सांध्यापासून सुरू करणे सोयीचे. स्क्रूच्या सांध्यात नेकच्या दोन्ही बाजू आणि बॉडी यांच्या मधे साधा कागद सहज सरकता कामा नये. सांध्यापाशी रंगावर केसासारखी रेघ पडलेली असेल तर ती फट नव्हे. लाकूड हलते आणि वरचा रंग तितका हलत नाही, म्हणून ती पडते. नंतर बॉडी मांडीवर घट्ट धरून हेडस्टॉकला बाजूने हलका दाब द्यावा आणि दोन्ही टोकांच्या ई तारांकडे पाहावे. फ्रेटबोर्डच्या कडांपासून त्यांचे अंतर दोन्हीकडे सारखे असावे आणि दाब काढल्यावर तसेच राहावे. टॉम अँडरसन यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे: खोबणी पाचरीच्या आकाराची, आणि नेक दोनच जाड बोल्टांनी तिच्यात ओढला जातो. बोल्ट जसा आवळावा तसा सांधा स्वतःच घट्ट होत जातो. म्युझिक मॅनच्या गिटारवर पाच बोल्ट असतात. दोन्ही सांधे उत्तम आहेत.

चिकटवलेल्या नेकचा सांधा बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिथे निर्मात्याच्या शब्दावर विसंबावे लागते. गिब्सनच्या नॅशव्हिलमधल्या कस्टम शॉपमध्ये बनणाऱ्या जुन्या धर्तीच्या लेस पॉलमध्ये नेकची जीभ लांब असते, थेट पुढच्या पिकअपखाली पोचणारी, आणि ती प्राणिज सरसाने बसवतात. आपल्याकडच्या सुतारांचा जुना सरस तोच. चिकटवलेल्या नेकमुळे स्वर जास्त टिकतो ही समजूत फार पसरलेली आहे. तिच्यात तथ्य असलेच तर थोडे आहे. नीट बसलेला स्क्रूचा सांधा ढिसाळ चिकटवलेल्या सांध्यापेक्षा केव्हाही बरा.

लेस पॉलच्या नेकबाबत एक गोष्ट विकत घेणाऱ्याने ओळखून असावी. हेडस्टॉक १७ अंशांनी मागे कललेला, सगळा नेक महोगनीच्या एका तुकड्यातून कापलेला. त्यामुळे कलत्या भागात लाकडाचे तंतू आखूड पडतात. त्यात नेकच्या पोटातल्या पोलादी कांबेच्या, म्हणजे ट्रस रॉडच्या, आवळणीच्या नटसाठी नेमक्या त्याच बारीक जागी खळगा कोरलेला असतो. स्टँडवरून गिटार पालथी पडली की ती तिथेच तडकते. फेंडरचा हेडस्टॉक सपाट असल्याने हा धोका जवळपास नाही. त्याच्या बदल्यात पातळ तारा नटवर दाबून ठेवायला वर छोट्या आकड्या लावाव्या लागतात. पीआरएसचा हेडस्टॉक लहान आणि कमी कललेला आहे. लेस पॉलचे डोके मोडणे हे कारागिराचे पाप नव्हे, रचनेने पत्करलेली किंमत आहे. पण जो कारखाना इतकी नाजूक रचना कायम ठेवतो, त्याने नेकसाठी तंतू सरळ असलेले लाकूड तरी निवडले पाहिजे. ते निवडले आहे की नाही, हे नेकच्या कडेवरून पाहता येते. रेषा नेकच्या लांबीला समांतर धावत असतील तर ठीक. तिरप्या निघून कडेवर संपत असतील, तर तो तुकडा दुसऱ्या कशासाठी तरी वापरायला हवा होता.

नेक सरळ आहे का, हे पाहायला कारागीर गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावतात. बॉडीच्या बाजूने नेकच्या कडेवरून नजर टाकली की बाक, पीळ आणि उंचवटा तिन्ही दिसतात. थोडा बाक हवाच असतो, कारण कंपणाऱ्या तारेला मध्ये जागा लागते. तो मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट योग्य. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड फिरवून ती सुधारते. सहा तारा मिळून नेकला ४५ किलोंच्या आसपास ओढत असतात आणि ही कांब त्या ओढीला तोलून धरते. गिब्सनच्या थॅडिअस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. पीळ मात्र कांबेने जात नाही. बॉडीजवळ, जिथे नेक संपतो तिथे आलेला उंचवटाही जात नाही. किमती गिटारमध्ये या दोन्हींपैकी काहीही आढळले, तर ती परत करावी.

फ्रेटच्या कामात निर्मात्यांमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो, कारण तिथे वेळ ओतावा लागतो. फ्रेटच्या जागा आज क्वचितच चुकतात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर निघते. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर पडतो, आणि संगणकावर चालणारी करवत हे अंतर बिनचूक कापते. फरक पडतो तो फ्रेट खाचेत किती बसला, सगळ्यांची डोकी एका पातळीत आहेत का आणि टोके कशी घासली यात. तळहात नेकच्या खालून धरून वर-खाली सरकवावा. टोके करवतीसारखी लागली तर काम अर्धवट आहे. २२ फ्रेटच्या गिटारला ४४ टोके असतात. प्रत्येकाचा कोपरा कानसाने गोल करायचा आणि तेही शेजारच्या लाकडाला ओरखडा न पाडता, म्हणजे हे तासांचे काम होते. मध्यम किमतीच्या गिटारमध्ये पहिली काटछाट इथेच होते. कॉलिंग्ज, सूर, अँडरसन अशा लहान कारखान्यांच्या गिटारवर बोट कडेवरून फिरवले, की टोके घासलेल्या मण्यांसारखी लागतात.

पातळी तपासायला तीन फ्रेटवर एकदम टेकेल एवढी सरळ धातूची पट्टी पुरते. ती मधल्या फ्रेटवर डुगडुगली तर मधला उंच आहे. उंच फ्रेटच्या मागचा स्वर झणझणतो. तंबोऱ्यावर सूत सरकवून जी जवारी मुद्दाम आणायची असते, तीच गिटारवर नकोशी ठरते. फ्रेटच्या बुडाशी तिरपा उजेड पाडला तर खाचेतून वर आलेला फ्रेट सापडतो. अलीकडे अनेक कारखाने हे काम प्लेक या बर्लिनच्या यंत्राकडे सोपवतात. ते तारांच्या प्रत्यक्ष ताणाखाली नेक मोजते आणि त्यानुसार फ्रेटची डोकी घासते. गिब्सन आणि सूर दोघेही ते वापरतात. तरी यंत्रानंतरची चकाकी आणि टोके माणसाच्याच हातात राहतात. दोन कारखान्यांत यंत्र एकच असूनही फ्रेट वेगळे लागतात ते त्यामुळे. ‘संपूर्ण हातांनी घडवलेली’ ही जाहिरात म्हणूनच जपून घ्यावी. खोबणी आणि फ्रेटच्या खाचा यंत्राने कापलेल्याच बऱ्या. हात हवा तो नेकच्या पाठीला, टोकांना आणि नटला.

गिब्सनच्या बाइंडिंग लावलेल्या नेकवर फ्रेट कडेपर्यंत जात नाहीत. बाइंडिंगचा छोटा उंचवटा टोकाला झाकतो. दिसायला हे देखणे असते आणि टोक हाताला लागत नाही. पण फ्रेट आणि उंचवटा यांच्यात फट राहिली, तर पातळ ई तार तिच्यात अडकते. अशी गिटार दुकानातच कडेला तार ओढून तपासावी. फ्रेट बदलताना हे उंचवटे सहसा राखता येत नाहीत, हेही धरून चालावे. फ्रेटच्या धातूबद्दल थोडक्यात: निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूत चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते. स्टेनलेस स्टील त्याहून पुष्कळ टिकते आणि त्यावर तार खेचताना बोट घसरते. सूर आणि अँडरसन स्टील सर्रास वापरतात. गिब्सन आणि फेंडरचे जुन्या धर्तीचे नमुने मिश्रधातूवर टिकून आहेत.

कारखान्याची काळजी सर्वांत लवकर दिसते ती नटमध्ये. हाडाचा किंवा कृत्रिम पदार्थाचा हा छोटा तुकडा. त्यातल्या सहा खाचांची खोली आणि रुंदी बरोबर असावी लागते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली डोकवावे. केसाएवढी फट दिसली तर खाच बरोबर. फट मोठी असेल तर मोकळ्या तारा सुरात असूनही नटजवळचे कॉर्ड चढे लागतात, कारण बोटाला तार जास्त दाबावी लागते. वादक ट्यूनरला दोष देत राहतो. खाच अरुंद असेल तर तार लावताना ‘टिंग’ असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो. लेस पॉलची ‘जी’ (G) तार सुरातून उतरते, ही तक्रार जुनी आहे. तिथे तारा नटमधून बाहेर पडून बाजूला वळतात, त्यामुळे खाच जराही चुकली की तार अडकते. पीआरएसच्या हेडस्टॉकवर तारा जवळजवळ सरळ जातात, म्हणून तिथे तीच चूक खपून जाते. रचना घडणीकडून किती काटेकोरपणा मागते, ते असे ठरते. नट बदलून घेणे स्वस्त आहे, त्यामुळे एवढ्यावरून गिटार नाकारू नये. पण लाखांच्या गिटारवर नट कच्चा असेल, तर बाकीचे जास्त बारकाईने पाहावे.

रंगाबद्दलचे वाद वादकांना फार प्रिय आहेत. नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ बसते, वर्षांनुवर्षे आक्रसते, त्याला बारीक तडे जातात, आणि काही रबरी स्टँडवर ठेवले तर ते रबराला चिकटून खराब होते. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन टणक असतात आणि ओरखडा सोसतात. दोन्ही उत्तम लावता येतात. पाहायचे ते इतकेच: बाइंडिंगवर शेजारचा रंग पसरला आहे का, कोपऱ्यांत थेंब साचलेत का, उजेडात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो का. मुद्दाम झिजवलेल्या गिटारवर या खुणा दिसत नाहीत. फेंडर कस्टम शॉपने १९९५ मध्ये ‘रेलिक’ नावाने अशी झीज विकायला काढली. ती सुबक असू शकते, पण तो सजावटीचा खर्च आहे. पारखताना तेवढी रक्कम किमतीतून मनातल्या मनात वजा करावी.

लाकडाचेही थोडेफार तसेच. पीआरएस ज्याला ‘टेन टॉप’ म्हणते ती लाटांसारखी चमकणारी मेपलची फळी डोळ्यांसाठी असते. पिकअप चुंबकाने तारेची हालचाल पकडते. बॉडीच्या लाकडाचा त्या आवाजातला वाटा विक्रेते सांगतात त्याहून बराच लहान आहे. लाकडाची प्रत महत्त्वाची ठरते ती नेकमध्ये, टिकाऊपणासाठी. फ्रेटबोर्डचे लाकूड मराठी वाचकाला ओळखीचे निघेल. कॅलिफोर्नियातल्या आणि टेनेसीतल्या कितीतरी गिटारवर आपली शिसव असते, दक्षिण भारतातून गेलेली. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले, तेव्हा जप्त झालेल्या मालात भारतातून आलेले लाकूड होते. त्यानंतरच्या काही लेस पॉलवर शिसवीऐवजी भट्टीत भाजलेल्या मेपलचे फ्रेटबोर्ड आहेत. त्या काळातली जुनी गिटार घेताना हे पाहून घ्यावे. दोष म्हणून नव्हे, तर वर्णनात ‘शिसवी’ लिहिले असेल म्हणून. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय परवान्याच्या यादीत आल्या आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

मागचे झाकण उघडले तर पाच मिनिटांत आतल्या वायरिंगचे काम कळते: सोल्डरचे डाग चकचकीत आहेत की मळकट, वायर मोजून कापली की कोंबली, खळग्याला शिल्डिंगचा रंग किंवा तांब्याचा पत्रा आहे का. हे भाग नंतर सहज बदलता येतात, म्हणून त्यांच्यावर फार अडून राहू नये.

एकाच नावाखाली अनेक पातळ्या असतात, आणि तुलना बहुधा इथेच फसते. फेंडरची कोरोना इथली नेहमीची अमेरिकन गिटार, १९८७ मध्ये सुरू झालेल्या कस्टम शॉपमधली गटाने बनवलेली गिटार आणि तिथल्याच एका मास्टर बिल्डरच्या नावाची गिटार या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पीआरएसची ‘एसई’ मालिका मुख्यतः इंडोनेशियात बनते, ‘कोअर’ मालिका मेरीलँडच्या स्टीव्हन्सव्हिलमध्ये, आणि ‘प्रायव्हेट स्टॉक’ म्हणजे निवडक लाकूड आणि सजावट. ‘कोअर’ आणि ‘प्रायव्हेट स्टॉक’ यांच्यात नेमकेपणाचा फरक शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. पैसे लाकडाच्या दुर्मीळपणाचे असतात. सूर, अँडरसन, कॉलिंग्ज अशा लहान कारखान्यांत पातळ्या कमी असल्यामुळे दोन नगांत तफावत कमी मिळते. जॉन सूर स्वतः फेंडर कस्टम शॉपमध्ये काम करून बाहेर पडले आणि १९९७ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली. त्यांच्या गिटारची रचना बरीचशी फेंडरची, पण काटेकोरपणाची पातळी वेगळी. जुन्या मोठ्या नावांत मात्र एकाच मालिकेतली एक गिटार अप्रतिम आणि पुढची साधारण, असे घडते. तिथे मालिका न निवडता नग निवडावा.

भारतात हेच अवघड जाते, कारण या गिटार दुकानात हाताळायला क्वचित मिळतात आणि बाहेरून मागवाव्या लागतात. विक्रेत्याकडून त्याच नगाचे फोटो मागावेत: नट जवळून, नेकचा सांधा दोन्ही बाजूंनी, नेकची कड लांबीने, हेडस्टॉकची पाठ तिरप्या उजेडात. जुन्या लेस पॉलमध्ये शेवटचा फोटो सर्वांत मोलाचा, कारण जोडलेला तडा तिथेच दिसतो. वजनही विचारावे, चार किलोंच्या खूप पुढची लेस पॉल खांद्याला जड पडते, जास्त दणकट मात्र नसते. पेटी आल्यावर काही तास न उघडता खोलीत ठेवावी आणि सेटअप दोन आठवडे लांबवावा, कारण नव्या हवेत नेक हलतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि फ्रेटची टोके कडेतून बाहेर येतात. भाजलेल्या मेपलचा नेक या चढउतारात कमी हलतो. बाहेर आलेली टोके घासायचीच असतील, तर ती उन्हाळ्यात, लाकूड सर्वांत आकसलेले असताना घासून घ्यावीत. पावसाळ्यात घासली तर पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा हाताला लागतात.